रिकामा स्लॉट : ग्राफिक्स कार्डाविना संगणक आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरचा धडा

१/ थ्रेड.
"ग्राफिक्स कार्ड घेण्याइतके पैसे नसतील तर कॉम्प्युटर घेऊच नकोस. थांब." उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात पहिला संगणक घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हा सल्ला हमखास मिळतो. कधी तो मित्राकडून येतो, कधी दुकानदाराकडून, कधी पडद्यावरच्या समीक्षकाकडून. सल्ला हितचिंतकाचा वाटतो. प्रत्यक्षात तो चुकीचा आहे, आणि या पट्ट्याचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला तो अपमानकारकही वाटावा.

२/ या सल्ल्याची किंमत विद्यार्थी मोजतो. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर घेतली जाते. नोकरभरतीच्या कितीतरी परीक्षांचेही तेच. ज्याच्या घरी संगणक नाही, तो उत्तर ठाऊक असूनही माउस आणि पडद्याशी झगडण्यात वेळ घालवतो. अशा मुलाला "थांब" म्हणणे म्हणजे एक वर्ष मागे राहा असे सांगणे होय. ते वर्ष त्याला कोणी परत देत नाही.

३/ "थांब" याला पर्याय म्हणून "हप्त्यावर घे" असे सुचवले जाते. ७५,००० रुपयांचा 'गेमिंग' लॅपटॉप १८ हप्त्यांत घेतला, तर व्याज शून्य धरले तरी दरमहा सुमारे ४,१६७ रुपये जातात. ज्या घरात एकाच पगारावर घरभाडे, लोकलचा पास आणि क्लासची फी भागते, तेथे हा आकडा लहान नव्हे. आणि इतके करून त्या यंत्रावर होते काय? बहुतेक वेळा टायपिंग, कोडिंग, व्याख्याने आणि फॉर्म भरणे.

४/ आधी शब्द स्पष्ट करू. पडद्यावर चित्र उमटवण्यासाठी संगणकाला ग्राफिक्सचे काम करणारा भाग लागतोच. परंतु तो वेगळ्या कार्डाच्या रूपातच असला पाहिजे असे नाही. आजच्या अनेक प्रोसेसरांत तो आतच असतो. म्हणजे "ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक" हा आंधळा संगणक नसतो. त्याला दिसते, दाखवताही येते. जड त्रिमितीय काम मात्र तो सावकाश करतो. एवढ्याच फरकाचे भांडवल करून ही भीती उभी केली गेली आहे.

५/ आता इतिहास, आणि सुरुवात उल्हासनगरपासून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभारली गेली. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि 'उल्हासनगर' हे नाव रूढ झाले. 'कॅम्प एक' ते 'कॅम्प पाच' हे पत्ते मात्र आजही तसेच आहेत.

६/ या माणसांकडे भांडवल नव्हते, जमीन नव्हती, स्थानिक ओळखी नव्हत्या. त्यांच्याकडे बराकीतली खोली होती आणि रेल्वे होती. त्यांनी योग्य यंत्रसामग्री मिळेपर्यंत वाट पाहिली असती, तर आज तेथे फर्निचर बाजार नसता, कापडाचा जपानी बाजार नसता, जीन्स शिवणारे कारखाने नसते. जे हाती होते त्यावर काम सुरू झाले. नफ्यातून पुढचे यंत्र आले. या क्रमाला अर्थशास्त्रात मोठी नावे असतील. कॅम्पात त्याला धंदा म्हणतात.

७/ यावर महाराष्ट्राने काय केले? विनोद केला. "मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन." हा विनोद मुंबई-ठाण्यात पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे. त्यात तथ्याचा अंश आहे हे नाकारण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या नावाचे लेबल लावून माल विकणे ही फसवणूकच. परंतु विनोदाने दोन वेगळ्या गोष्टी एकाच गोणीत भरल्या. एक, खोटे लेबल लावणे. दुसरी, सुटे भाग जमवून स्वतः वस्तू उभी करणे. पहिली लबाडी आहे, दुसरी कारागिरी.

८/ हा घोटाळा आजही चालू आहे. 'असेम्बल केलेला' हा शब्द या पट्ट्यात अजून थोड्या खालच्या आवाजात उच्चारला जातो. 'ब्रँडेड' म्हटले की आवाज चढतो. जणू असेम्बल केलेला संगणक म्हणजे बनावट संगणक! वस्तुतः त्यातील प्रत्येक भाग त्याच्या मूळ कंपनीचा, स्वतंत्र वॉरंटीचा असू शकतो. लेबल खोटे नसते, कारण बाहेर एक लेबलच नसते.

९/ उल्हासनगरनंतरचे स्थानक अंबरनाथ. तेथे १९५३ मध्ये केंद्र सरकारने मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी स्थापन केली. यंत्रे घडवणारी यंत्रे तयार करणे, त्यांचे पहिले नमुने बनवणे हा तिचा हेतू नावातच आहे. परदेशी यंत्रावर कायम विसंबून राहायचे नाही, आहे त्या साधनांनी आपला नमुना घडवायचा, तो सुधारायचा, हा त्या काळाचा राष्ट्रीय कार्यक्रम होता.

१०/ येथे जरा थांबून पाहावे. दोन स्थानके लागोपाठची. एका ठिकाणी सरकारी फाटकाच्या आत सुटे भाग जुळवले गेले, त्याला 'नमुना' म्हटले गेले. दुसऱ्या ठिकाणी बराकीत जुळवले गेले, त्याला 'नक्कल' म्हटले गेले. कामाच्या दर्जात फरक होताच. पण नावांतील फरक तेवढ्यावरून ठरला नाही. काम कोण करतो आहे, यावरूनही ठरला. संगणकाबाबतचा आजचा तोरा याच सवयीतून आला आहे.

११/ आता भारतातील संगणकाकडे येऊ, कारण "आधी उत्तम यंत्र, मग काम" या मताचा खरा निकाल तेथेच लागतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण चमूने १९५० च्या दशकाच्या मध्यास संगणक बांधायला घेतला. १९५६ मध्ये त्याची लहान प्रायोगिक आवृत्ती चालू झाली. पूर्ण यंत्र १९६० मध्ये वापरात आले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले : टिफ्रॅक.

१२/ टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मृती होती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. हिशेब केला तर ही स्मृती १० किलोबाइट भरते. आज व्हॉट्सअॅपवर येणारे 'शुभ सकाळ'चे एक चित्रही त्यात मावणार नाही. त्यावर शास्त्रज्ञांनी खरी गणिते सोडवली.

१३/ आणि या थ्रेडच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट : या चमूने टिफ्रॅकला कॅथोड रे नळीचा पडदाही जोडला होता. त्यावर आलेख आणि अक्षरे दिसत. म्हणजे भारतात बांधलेल्या पहिल्या पूर्ण आकाराच्या संगणकाचे 'ग्राफिक्स'ही घरीच बनले. आधी गणना उभी राहिली, प्रायोगिक यंत्र चालले, मग बाकीचे जोडले गेले. कामाचा क्रम लक्षात ठेवावा.

१४/ विरोधी मत येथे एक रास्त आक्षेप घेईल. टिफ्रॅक चालू झाला तेव्हा जग ट्रान्झिस्टरकडे वळले होते. यंत्र जन्मतःच जुने होते. हे खरे आहे. १९६४ मध्ये टीआयएफआरने अमेरिकेतून सीडीसी ३६०० हा कितीतरी ताकदवान संगणक आणला. पण तो आला तेव्हा संगणक म्हणजे काय हे आतून जाणणारी माणसे संस्थेत तयार होती. जुन्या यंत्राने माणसे घडवली, ही त्याची खरी कमाई. पहिल्या संगणकाकडून विद्यार्थ्याने अपेक्षा ठेवावी ती हीच.

१५/ त्याच काळात दुसरी वाट काय होती? आयबीएमचे १४०१ यंत्र. आयबीएम मुंबईतील कारखान्यात वापरलेली १४०१ यंत्रे दुरुस्त करून भारतीय ग्राहकांना भाड्याने देत असे. नाव जगातले सर्वांत मोठे, यंत्र आधीच वापरलेले, आणि मालकी कधीच ग्राहकाची नाही. पुढे १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परकीय भागभांडवल कमी करण्यास कंपनीने नकार दिला आणि १९७८ मध्ये ती भारतातून गेली. ब्रँडचे नाव आणि ग्राहकाचे हित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच कळायला हवे होते.

१६/ तिसरा प्रसंग पुण्याचा. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे महासंगणक हवे होते. हवामानाच्या अंदाजासाठी एक कमी ताकदीचे यंत्र दिल्लीला मिळाले. त्याहून ताकदवान यंत्र देण्यास अमेरिकेने नकार दिला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला.

१७/ परममध्ये क्रेसारखा एकच महाबली प्रोसेसर नव्हता. ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर, म्हणजे बाजारात मिळणारे लहान प्रोसेसर, मोठ्या संख्येने एकमेकांना जोडून समांतर काम करवले गेले. यातील गंमत आज अधिक कळते. आधुनिक ग्राफिक्स कार्डही याच तत्त्वावर चालते : हजारो लहान गणकांनी एकाच वेळी काम करणे. ज्या वस्तूची पूजा करून विद्यार्थ्याला थांबवले जाते, तिचे तत्त्वच "एक महागडा भाग नसेल तर अनेक साध्या भागांनी काम भागवा" हे आहे.

१८/ मग 'असेम्बल' ही कल्पना आली कोठून? लॅमिंग्टन रोडवरून नव्हे, खुद्द आयबीएमकडून. १९८१ चा आयबीएम पीसी घाईने बाजारात आणायचा होता, म्हणून कंपनीने इंटेलचा ८०८८ प्रोसेसर आणि इतरांचे तयार भाग घेऊन तो जुळवला. रचना खुली ठेवल्यामुळे इतर कंपन्यांना सुसंगत यंत्रे बनवता आली. म्हणजे पीसी जन्मापासूनच असेम्बल केलेला आहे. 'ब्रँडेड' हे त्यावर नंतर चिकटवलेले झाकण.

१९/ १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स मानक आणले. मदरबोर्डाचा आकार, स्क्रूच्या जागा, विजेची जोडणी हे सर्व ठरले. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि पुढील काही वर्षांत संगणक व अनेक भागांवरील आयात शुल्क शून्यावर आले. या दोन निर्णयांमुळे ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, भाग पिशवीत घालून दादरला गाडी बदलत बदलापूरला नेणे आणि रात्री घरी संगणक उभा करणे सामान्य माणसाला शक्य झाले. हा जुगाड नव्हे. जुगाडात भाग एकमेकांसाठी बनलेले नसतात. येथे ते त्यासाठीच बनलेले असतात.

२०/ याच यंत्रांवर महाराष्ट्राची एक पिढी शिकली. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली पोहोचले. वरच्या मजल्यावरची एखादी खोली, एका रांगेत साधी यंत्रे, मध्ये पुठ्ठ्याचे किंवा प्लायवूडचे आडोसे. त्या यंत्रांत महागडे ग्राफिक्स कार्ड शोधूनही सापडले नसते. त्या खोल्यांतून कारकून, लेखापाल, प्रोग्रॅमर, शिक्षक बाहेर पडले. "ग्राफिक्स कार्डाशिवाय संगणक कशाला?" या प्रश्नाचे उत्तर त्या पिढीने आधीच दिले आहे.

२१/ ग्राफिक्स कार्डाचा दबदबा मुळात फार जुना नाही. १९९९ मध्ये एनव्हीडियाने जीफोर्स २५६ हे कार्ड 'जगातील पहिला जीपीयू' अशी जाहिरात करून विकले. त्याच वर्षी इंटेलने ८१० हा चिपसेट आणला, ज्यात ग्राफिक्स मदरबोर्डावरच होते. दोन्ही वाटा एकाच वर्षातल्या. एका वाटेला जाहिरात मिळाली, दुसऱ्या वाटेने जगभरच्या कचेऱ्या आणि शाळा चालल्या.

२२/ २०११ पासून इंटेल आणि एएमडी या दोघांनीही मुख्य प्रवाहातील प्रोसेसरांत ग्राफिक्स एकाच चिपवर आणले. २०२१ चा रायझन ५ ५६००जी पाहा : ६ कोअर, १२ थ्रेड, आणि ग्राफिक्स आतच. कोडिंग, ऑफिस, टॅली, फुल एचडी व्हिडिओ, द्विमितीय आराखडे, फोटोंचे संपादन, हलके खेळ हे सर्व त्यावर होते. हे यंत्र 'तात्पुरते' नाही. अनेकांना आयुष्यभर एवढेच लागते.

२३/ आता कार्डाच्या बाजाराकडे पाहू. २०२० ते २०२२ या काळात टाळेबंदी, चिपांची टंचाई आणि क्रिप्टो-मायनिंग यांमुळे कार्डांचे भाव गगनाला भिडले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धत सोडली आणि अहोरात्र राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. "जुने कार्ड स्वस्तात मिळते आहे" म्हणून पहिल्याच संगणकात ते टाकणाऱ्याने हा इतिहास लक्षात घ्यावा. वॉरंटी संपलेले, उष्णतेने थकलेले कार्ड बंद पडले, की बचत तेथेच संपते.

२४/ मग थोड्या पैशांत यंत्र उभे करताना कोठे हात आखडू नये? पहिले, एसएमपीएस. या पट्ट्यात लाइट जाते-येते, दाब कमी-जास्त होतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा निनावी एसएमपीएस जळताना मदरबोर्डालाही घेऊन जाऊ शकतो. नामांकित कंपनीचा, पुढे कार्ड बसवता येईल इतक्या क्षमतेचा एसएमपीएस आणि एक साधा यूपीएस, हा खर्च दिव्यांच्या पंख्यांपेक्षा आधी येतो.

२५/ दुसरे, रॅम. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते. ते रॅममधूनच वाटा घेते. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. डीडीआर४-३२०० च्या एका पट्टीला सेकंदाला २५.६ जीबीचा मार्ग मिळतो, दोन मार्गांवर दोन पट्ट्या बसवल्या तर ५१.२ जीबीचा. भावात किंचित फरक, वेगात मोठा. "१६ जीबी घेतली पण विंडोजमध्ये कमी दिसते" ही तक्रारही याच वाट्यामुळे येते; त्यात दुकानदाराची लबाडी असेलच असे नाही.

२६/ तिसरे, प्रोसेसरच्या नावातील शेवटचे अक्षर. इंटेलच्या कोअर आय५-१२४०० मध्ये ग्राफिक्स आहे; १२४००एफ मध्ये नाही. 'एफ' थोडा स्वस्त म्हणून घेतला, की मदरबोर्डावरचा एचडीएमआय पोर्ट मुका राहतो आणि कार्ड घेणे भाग पडते. एका अक्षराने बजेट कोलमडते. चौथे, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी; संगणक 'हळू' वाटण्याचे कारण बहुधा ग्राफिक्स नसते, डिस्क असते.

२७/ पाचवे, पक्के बिल. ४०,००० रुपयांच्या खरेदीत १८ टक्के जीएसटीचे सुमारे ६,१०० रुपये असतात. कच्च्या बिलाचा मोह तेथूनच सुरू होतो. पण प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते आणि ती मागताना बिल लागते. सहावे, खास या पट्ट्यासाठी : तळमजल्यावर राहणाऱ्याने कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. २६ जुलै २००५ येथे कोणी विसरलेले नाही, आणि २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेसही नाही.

२८/ कार्डाची खरोखर गरज कोणाला आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्रिमितीय अॅनिमेशन शिकणाऱ्याला आहे. वास्तुरचनेची रेंडरिंग रोज करणाऱ्याला आहे. यंत्रशिक्षणाची मोठी प्रारूपे घरी घडवणाऱ्याला आहे. नवे जड खेळ हाच ज्याचा छंद आहे, त्यालाही आहे, आणि छंदाला हसण्याचे कारण नाही. ज्याला रोज कॉलेजात यंत्र न्यावे लागते किंवा ज्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत टेबलाला जागा नाही, त्याने साधा लॅपटॉप घ्यावा. आक्षेप गरजेला नाही. गरज न विचारता दिलेल्या सल्ल्याला आहे.

२९/ शिवाय कार्ड नाकारले जात नाही, पुढे ढकलले जाते. मदरबोर्डावर पीसीआय एक्स्प्रेसचा लांब स्लॉट असतो. हे मानक नव्या-जुन्या पिढ्यांना सामावून घेते : आजच्या स्लॉटमध्ये दोन-तीन वर्षांनी आलेले कार्डही साधारणपणे चालते. पहिल्या पगारातून, पहिल्या शिष्यवृत्तीतून ते बसवता येईल. बहुतेक लॅपटॉपमध्ये ही सोय नाही. तेथे पहिल्याच दिवशी सर्व ठरवावे लागते आणि म्हणूनच सर्व कर्जाने घ्यावे लागते.

३०/ बराकीतल्या खोलीत उघडलेले दुकान, प्रायोगिक यंत्रापासून वाढलेला टिफ्रॅक, लहान प्रोसेसर जोडून उभा राहिलेला परम, या सर्वांनी पुढच्या भागासाठी जागा ठेवून कामाला सुरुवात केली. त्यांतील कोणीही उत्तम यंत्राची वाट पाहत बसले नाही. ज्यांच्या आजोबांनी दोन ट्रंकांवर संसार उभा केला, त्यांच्या नातवंडांना "कार्ड नाही तर संगणक नाही" हे आपण कोणत्या तोंडाने सांगतो?

३१/ म्हणून सल्ला देणाऱ्यांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरचे कोणी विचारले, "कार्डाचे पैसे नाहीत, काय करू?", तर आधी विचारा, "काम काय करणार आहेस?" उत्तर ऐका. बहुधा उत्तर असेल : अभ्यास, कोडिंग, फॉर्म, थोडे खेळ. मग सांगा : चांगला एसएमपीएस घे, रॅमच्या दोन पट्ट्या घे, आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घे, पक्के बिल घे. स्लॉट रिकामा राहू दे. काम आजच सुरू कर.

थ्रेड समाप्त.